कोरमची घंटा

१० नोव्हेंबर १९५७

पोहोचलो एकदाचे! सालेकसा स्टेशनात शामकलेचे थोरले भाऊ केवलराम बैलगाडी घेऊन उभेच होते. निवृत्तीनंतर तिच्या माहेरच्या गावी राहायचं, ही आमच्या मंडळींची हौस. लोकसभेत सचिवांच्या मेजावर इतकी वर्षं काढली, पण ते काम इथे समजावणार कसं? केवलरामांनी गावभर सांगून ठेवलंय, आमचे जवाई दिल्लीले मंत्री होते. अरे देवा! मंत्री बोलतात, बाबांनो. सचिव गप्प बसतो. त्याला ना मत, ना भाषण. किती सभासद आले, कुठला नियम लागू, हे अध्यक्षांच्या कानात सांगायचं, बस्स.

घर झकास आहे. पुढे ओसरी, मागच्या दारातून धानाच्या बांध्या दिसतात. नव्या तांदळाचा भात आणि वांग्याची भाजी जरा जास्तच झाली. आता आडवा होतो.

१३ नोव्हेंबर

केवलराम इथले सरपंच. आज शाळेत पंचायतीची सभा होती, बोडीची, म्हणजे गावतळ्याची, पाळ दुरुस्त करायचा ठराव. पण पंच सगळे धान कापायला! जेमतेम दोघे-तिघे आले आणि केवलराम तसेच सुरू करायला निघाले. मग मात्र माझ्यातला सचिव जागा झाला. कोरम नाही तर सभा नाही! दिल्लीत कोरम मोडला की घंटा वाजते आणि सभासद हातातला चहा टाकून धावत येतात. शाळेच्या दारात रुळाचा तुकडा टांगलाय. मीच तो दणादण बडवला.

आणि काय सांगू, माणसं आली! डोक्यावरून चादरी ओढून मागच्या ओळीत मुकाट बसली. मी मोजली, कोरम भरला, ठराव मंजूर झाला. पंचायतीला वळण लावलं म्हणून स्वारी स्वतःवर जाम खूश आहे.

१४ नोव्हेंबर

सकाळी केवलरामांच्या बायकोने, मंदाबाईंनी, माझी चांगलीच हजेरी घेतली. मागे बसलेले पंच नव्हतेच म्हणे. गावातलेही नव्हते. "नाव घेऊन बोलवाव ना जी! घंटी कायले वाजवली? घंटीले काय समजते, कोणाले बोलावून राहिली थे?"

इथे कुणालाही नाव घेऊनच हाक मारायची रीत आहे. पटकीच्या साथीत घरंच्या घरं गेली, त्यांचं नाव घ्यायलाही कुणी उरलं नाही. ते म्हणे नुसत्या हाकेची वाट पाहत असतात. त्यांना कुणाचं नाव ठाऊक नसतं, आवाज मात्र कुणाचाही काढतात. मी हसलो. शामकला हसली नाही.

१६ नोव्हेंबर

पंचांपैकी दुधराम काल दिवस मावळताना खळ्यावर होता. सोबतच्यांनीही ऐकलं, भावाच्या आवाजात हाक आली, "अरे, ये ना इकडं." भाऊ तर गोंदियाला गेलेला. दुधराम हाकेमागे गेला.

आज शाळेत सापडला. मागच्या ओळीत, ताठ बसलेला, डोळे उघडे. अंग थंडगार. मी स्वतः पाहिलं.

१७ नोव्हेंबर

नाव घेतल्याशिवाय कुणी ओ द्यायची नाही, असं गावाने ठरवलंय.

केवलरामांना शाळेत नेलं, म्हटलं, सभा तहकूब झाली असं मोठ्याने सांगा, म्हणजे ते आलेले उठून परत जातील. त्यांनी सांगितलं. खोली रिकामीच होती. मंदाबाई बाहेरून ओरडल्या, "कोणाले उठवून राहिले तुम्ही? नाव घ्या ना!" नाव कुठून आणू? कुणाचंच माहीत नाही.

मला भीती वाटते. बोलावलं मी, आणि जीव गेला त्या दुधरामाचा.

१८ नोव्हेंबर

भर दुपारी ओसरीवरून हाक. "अहो." शामकलेचा आवाज. आणि शामकला माझ्यासमोर चुलीपाशी.

मी उठून दोन्ही दारांना कड्या घातल्या.

तिला म्हटलं, यापुढे बाहेरून आलीस की माझं नाव घे. तिने पदर तोंडाला लावला. लग्नात बायका मागे लागल्या तरी घेतलं नव्हतं तिने. म्हणाली, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होते, मी नाही घेत जा. किती विनवलं. नाहीच.

१९ नोव्हेंबर

उद्या सकाळच्या गाडीने निघायचं. शामकला भावाकडे सांगायला गेली — लगेच येते म्हणाली — अजून नाही. थोडा उजेड आहे बाहेर —

दाराशी. "अहो." तिचाच आवाज.

मागच्या दाराशीही. "अहो, उघडा ना."

दोन्हीकडे तीच. त्यातली एक खरी आहे. तिला बाहेर ठेवलं तर दुधरामासारखं — आणि चुकीचं दार उघडलं तर —

ओरडलो. नाव घे! तुला माझी शपथ, एकदाच घे! म्हण, गुलाबचंद —

हे काय केलं मी! मीच सांगितलं त्यांना —

पुढच्या दाराशी. खिडकीशी. कौलांवर. गुलाबचंद — गुलाबचंद — सगळ्या तिच्याच आवाजात —

मागच्या दाराशी एकजण रडतेय. नुसतं अहो म्हणतेय. अजूनही नाव घेत नाही — तीच ती — माझी शामकला — त्यांच्या गराड्यात एकटी — आलो गं — कडी काढतो —