चेंडू कोण देणार

बाबा, शहरातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांनी फुटून स्वतःची वेगळी लीग काढायचं ठरवलं आहे. तिथून कुणी खाली उतरणार नाही आणि खालून कुणी वर चढणार नाही. तुम्ही असता तर पेपर बाजूला ठेवून आधी चष्मा पुसला असता.

कोराडीच्या कॉलनीतली आपली टीम वरच्या गटातून घसरली, तो दिवस सारखा आठवतो. उतरणाऱ्या टीमने आपला चेंडू चढणाऱ्या टीमला स्वतःच्या हाताने द्यायचा, ही इथली रीत. तुम्ही प्रशिक्षक, म्हणून चेंडू घरी आणलात आणि स्वयंपाकघराच्या मोरीत भांड्यांच्या साबणाने घासत बसलात. आई करवादली. मी दाराशी रडते आहे आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "काहून रडून राहिली वं? खाली गेलो तं वर याले रस्ता हाये ना. रस्ताच बंद झाला असता तं मीबी रडलो असतो." दुसऱ्या दिवशी हिंगण्याच्या कारखान्याच्या टीमला तो चकाचक चेंडू देताना तुम्ही चक्क हसत होतात. मला भयंकर राग आला होता.

लीगची घोषणा झाली तेव्हा सदर भागात प्रेक्षकांनी एका क्लबच्या फाटकासमोर जर्सींचा ढीग घातला. आमच्या पेपरनेही पहिल्या पानावर आग ओकली. बातमी माझीच होती. मग त्याच पानावर नव्या लीगची जाहिरात झळकली आणि संपादकांनी मला 'फुटीर' काढून 'नवी' लिहायला सांगितलं. फाटकासमोरचा ढीगही कमी होत गेला. लोक हळूच येऊन आपापली जर्सी शोधून नेत होते, मी पाहिलंय. आता तिथे कुणी काही बोलत नाही. मला या शांततेची भीती वाटते.

आपली टीम यंदा खालच्या गटात पहिली आहे. रविवारी जिंकली तर इतक्या वर्षांनी वर चढेल, पण मोठे क्लब निघून गेल्यावर वर उरणार कोण? काल कॅप्टनचा फोन आला, तुमच्याच एका जुन्या खेळाडूचा मुलगा. म्हणाला, "ताई, आपण जिंकलो तं बॉल कोण देईन आपल्याले?" मी म्हटलं, बघते.

बघणार काय, कपाळ. नव्या लीगला समालोचनासाठी मराठी आवाज हवा आहे आणि त्यांनी मला विचारलं आहे. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवायचंही धाडस नाही, फाडूनच टाकेन. आवाजाची चाचणी रविवारीच आहे, आपल्या सामन्याच्या वेळेला. लीगवाल्यांना मी येते म्हणून कळवलंय, बाबा.