मूळव्याधच असेल, असं म्हणत

बाबा, हे तुमच्याशी बोलायची मला लाज वाटते, आणि दुसऱ्या कोणाशी बोलायची त्याहून जास्त. दोन महिने झाले, संडासला बसलो की रक्त पडतं. सुनेला कळू नये म्हणून माझे कपडे मीच धुतो. ती विचारते, "बाबा, मशीन असून हातानं काहून धुऊन राहिले?" मी म्हणतो, सवय आहे.

तुमचंही असंच होतं. हातमागावरच्या फळीवर तुम्ही आईची घागरीखालची चुंबळ ठेवून बसायचे आणि पाण्याला निघालेली आई ती घरभर शोधायची. "माही चुंबळ का तुमची गादी आहे?" म्हणायची. तुम्ही नुसते हसायचे. विणताना हातातला धोटा सोडून उठावं लागू नये म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचे नाही, आणि जेवायला बसले की रस्सा मात्र डोळ्यांत पाणी येईल इतका तिखट लागायचा. संडासात अर्धा अर्धा तास. कोणी विचारलं तर "उष्णता झाली" म्हणायचे आणि ताक प्यायचे. आपल्या गल्लीत सगळ्यांनाच उष्णता होती. मागावर बसणाऱ्याला ती व्हायचीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग एक दिवस तुम्ही माझ्या ऑटोत येऊन बसले आणि समोर बघत म्हणाले, "रक्त जाऊन राहिलं गा. तुह्या मायले सांगू नको. मोठ्या दवाखान्यात नेतं का मले?" तेव्हा मी चांगला पंचवीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, "तिथं दहा शिकाऊ पोरापोरींसमोर धोतर सोडाले लावते, बाबा." हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच मनानं बोललो. मग मी तुम्हाला जरीपटका वस्तीतल्या एका मूळव्याधवाल्याकडे नेलं. त्यानं तपासलंही नाही, पडद्यामागूनच पुड्या दिल्या. तुम्ही आठ महिने त्या घेतल्या, वर सुरण खाल्लं. धोतराची गाठ रोज आत आत जात होती. मी विचारायचो, "फायदा आहे ना?" तुम्ही म्हणायचे, "आहे गा." तुम्ही गेले तेव्हा आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, मूळव्याधीनं गेले.

मागच्या आठवड्यात मी एकटाच डॉक्टरकडे गेलो. नातीच्या वयाची बाई. तिनं तपासलं, काही विशेष नसल्यासारखं. म्हणाली, "काका, मूळव्याध आहे. तिथल्या शिरा सुजतात, जोर दिला की रक्त येतं. पाणी भरपूर प्या, पालेभाजी, फळं खा, कुंथत बसू नका, दोन वेळा कोमट पाण्यात बसा. नाही थांबलं तर रबराची बारीक रिंग बसवता येते." मला इतकं हलकं वाटलं की मी उठायलाच लागलो. तर म्हणते, "थांबा. या वयात रक्त फक्त मूळव्याधीचंच आहे असं धरता येत नाही. आत कॅमेऱ्यानं बघावं लागेल. घरात कोणाला आतड्याचा आजार होता? वडील कशानं गेले?" मी म्हणालो, म्हातारपणानं. तुम्ही साठीचेही नव्हते. तिनं लिहून घेतलं आणि तपासणी पुढच्या महिन्यावर टाकली. म्हणाली, "घरात कोणाला असतं तर याच आठवड्यात केली असती. मूळव्याधीनं सहसा माणूस मरत नाही, काका, आतड्याच्या आजारानं मरतो, म्हणून विचारलं."

तेव्हापासून ते एकच वाक्य डोक्यात फिरतं आहे. पाणी पितो, कोमट पाण्यात बसतो, भाजी खातो. रक्त कधी थांबतं, कधी येतं. मुलाला सांगायला दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि जेवला का, एवढं विचारून परतलो. उद्या डॉक्टरीणबाईंना खरं सांगायला जाईन म्हणतो. कालही असंच म्हटलं होतं.

हा कागद फाडून टाकीन. पण बाबा, डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोललो ते लाजेनं नाही. माझ्या आत काय निघेल याची मला तेवढी भीती नाही. तेच तुमच्याही आत होतं असं डॉक्टरीणबाईंनी म्हटलं तर, मोठ्या दवाखान्यात नेतं का म्हणून तुम्ही विचारलं होतं आणि मी नेलं नाही, एवढंच उरेल.