नरहरीकाकांची अढी

नंदाखाल,
फेब्रुवारी १९७९

तीर्थस्वरूप हरिभाऊ भावजी यांसी भालचंद्राचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगासाठी क्षणभर आडवं तरी राहायला हवं, तेही हल्ली जमत नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं मानून घ्यावं.)

नाशिकच्या थंडीत तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? ताईचं लोणचं संपलं, बरणी धुऊन ठेवली आहे. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे प्रकृतीने. बाकी एवढं लिहीपर्यंत दोनदा जिन्याशी जाऊन, खाली काय चाललंय त्याला कान देऊन आलो. माझा स्वभाव ताईने तुम्हाला सांगितला असेलच. लहानपणी पेरलेले पावटे रुजले का, हे मी रोज उकरून बघायचो आणि आईच्या भातावरचं झाकण उचलून उचलून भात कधी धड शिजू दिला नाही. झाकलेलं मला बघवतच नाही.

यंदा कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं क्वांटम मेकॅनिक्स माझ्या वाट्याला आलं. मुलं हुशार, पण समजुती घट्ट. इलेक्ट्रॉन रहाटाच्या बैलासारखा गोल गोल फिरतो, ही पहिली. ती कशीबशी काढली. दुसरी निघेना. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे आणि किती वेगाने चालला आहे, हे दोन्ही एकदम अचूक सांगता येत नाही, एवढं सगळ्यांना पाठ. पण का, तर म्हणे आपली यंत्रं गावठी! वर्गातल्या बॅप्टिस्टचा काका कुवेतला असतो. तिथून चांगलं यंत्र मागवू का, असं त्याने अगदी मनापासून विचारलं. कस्टमवाले सोडणार नाहीत, एवढंच उत्तर मला सुचलं.

मग मला आमच्या खालची, केळी पिकवायची अढी आठवली. मी राहतो ती माडी नरहरीकाकांची. (त्यांची लेक विमला शाळेत गणित शिकवते, हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. त्याच्या आधीच्याही.) काकांच्या केळ्यांना पंचक्रोशीत नाव आहे. घड खोलीत रचायचे, सुक्या पानांनी झाकायचे, धुरी द्यायची आणि दाराच्या फटी शेणमातीने लिंपून टाकायच्या. ठरल्या दिवसापर्यंत दार उघडायचं नाही. कोणी डोकावलं की ऊब जाते आणि केळी बिघडतात. मी वर्गात म्हटलं, बघा, नुसतं बघण्यानेच माल बदलतो, त्यात यंत्राचा काय दोष? मुलं खूश, मी त्याहून खूश. तेवढ्यात हिल्डा उठली. ही मुलगी कमी बोलते, त्यामुळे तिची भीती वाटते.

"सर, आपण बघितलं नाही तरी आतलं केळं कच्चं नाहीतर पिकलेलं असतंच ना? मग इलेक्ट्रॉनचंही तसंच. आत सगळं ठरलेलं असतं, फक्त आपल्याला कळत नाही."

भावजी, मी गार पडलो. जी समजूत उपटायची, तिलाच मी खतपाणी घातलं होतं. घाईघाईने म्हणालो, नाही, तिथे आत काही ठरलेलंच नसतं, कच्चंही नाही आणि पिकलेलंही नाही. हे इलेक्ट्रॉनबद्दल म्हणालो. पण घंटा झाली आणि मुलं घरोघर गेली.

गावात पसरलं ते असं, की नरहरीकाकांच्या माडीवरचे प्राध्यापकच म्हणतात, त्यांच्या अढीतली केळी धड कच्ची नाहीत की धड पिकलेली नाहीत. ती अढी आगाशीच्या एका लग्नघरासाठी घातलेली. तिथून निरोप आला, की तुमचेच भाडेकरू असं बोलतात, तर आम्ही काय समजायचं? काका वर आले, बसले नाहीत. मी त्यांना अनिश्चिततेचं तत्त्व समजावू लागलो, तर म्हणाले, आमच्या मालात अनिश्चित काही नसतं, रविवारी उघडली की बघा.

खरं सांगायचं तर, अढी निघाली आणि लग्नघर खूश झालं, की त्याच संध्याकाळी विमलाबद्दल काकांशी बोलायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. आता माझं सगळं त्या लिंपलेल्या दाराआड. शुक्रवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी नुसता वास घ्यायला गेलो. मग वाटलं, एका फटीची माती जरा नखाने काढून बघावी. मग वाटलं, एवढी निघालीच आहे तर... (पुढचं ताईला विचारा. भाताच्या झाकणाचं जे व्हायचं तेच.)

रविवारी दार उघडलं. दाराकडचे घड हिरवेगार, आतले पिवळे, आणि मधल्यांच्या फण्या अर्ध्या अशा, अर्ध्या तशा. लग्नघराने केळी दुसऱ्या वाडीतून नेली. मी उघडली होती, हे मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. (माती मी पुन्हा लावली होती, पण ते लिंपण प्राध्यापकाचं आहे हे कोणालाही दिसत होतं.) काका शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमचं खरं झालं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला फार लाज वाटली.

सोमवारी वर्गात हे सगळं सांगितलं. हिल्डा उठून म्हणाली, "सर, अढीत केळी होती तशी होती, तुम्ही उघडून बिघडवलीत. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत आधी बिघडवण्यासारखं काही ठरलेलंच नसतं. म्हणजे तुमचं उदाहरणच चुकलं होतं." इतके महिने खडू झिजवून मला जे जमलं नाही, ते नासलेल्या अढीने केलं. बॅप्टिस्टनेही कुवेतचा विषय सोडला. मला इतका आनंद झाला, की खालचं घर माझ्याशी बोलत नाही हे तास संपेपर्यंत विसरलो.

ताईला नमस्कार सांगा. बरणी कोणाबरोबर तरी पाठवतो.

आपला,
भालचंद्र

ता. क. पत्र लोणच्यासाठी नाही. तुम्ही यावं आणि माझ्या वतीने काकांशी बोलावं, यासाठी आहे. पण विमलाला मी अजून काहीच विचारलेलं नाही. विचारत नाही तोवर होकार शिल्लक आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मला झाकण उचलायची भीती वाटते आहे. तेव्हा तूर्त येऊच नका. पुढच्या वर्षी बघू.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात विमला जिन्यात आली. हातात त्याच अढीतली, पिकलेली अर्धी फणी. म्हणाली, "केळ्यांचं दार दोन दिवस आधी उघडलंत. आणि जिथे केव्हाचं पिकलंय, तिथे नुसते जिन्यात कान लावून उभे राहता." भावजी, वरचा ता. क. खोडला आहे असं समजा. ताईला घेऊन मिळेल त्या एस.टी.ने निघा. मी उभाच आहे.