रडणारं गिऱ्हाईक

तीर्थस्वरूप वन्संना, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इथे ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे. बाकीचं पुढे येईलच.

आमच्या गोदामात आठ नवीन माणसं लागली आहेत, त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. काम काय, तर आलेली ऑर्डर वाचायची, मांडणीवरून वस्तू काढायची आणि खोक्यात भरायची. (वाचता येणं एवढीच अट होती, पण ती कोणी तपासली नसावी.) पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी दाराची कडी मागवली, त्यांना कढई गेली. एकांनी सुरी मागवली, त्यांना सुरई पोचली, तीही फुटलेली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "भाषणं पुरे. संगणकावर खेळासारखं काहीतरी बनवा. माणूस स्वतः करून शिकला पाहिजे."

बनवलं. पडद्यावर ऑर्डर येते, नवीन माणसाने योग्य खणाला बोट लावायचं. बरोबर आलं तर हिरवी खूण. चुकलं तर गिऱ्हाईक खोकं उघडतं आणि ढसाढसा रडतं, म्हणजे शिकणाऱ्याच्या काळजाला घरं पडावीत. (कल्पना माझीच, दोष कोणाला देऊ?) चित्रीकरणासाठी रडायला माणूस हवा होता. तुमचे बंधुराज आधी नाही नाही म्हणाले, आणि एकदा हो म्हटल्यावर आवरेनात. अकरा वेळा रडले. अकराव्या वेळी शेजारच्या काकू पाणी घेऊन धावत आल्या. मग हे दिवसभर मला विचारत होते, नीट झालं ना? झालं होतं हो, फारच नीट झालं होतं.

मंगळवारी आठही जणांना पडद्यासमोर बसवलं. सगळ्यांचं सगळं चुकलं. पुन्हा बसवलं, पुन्हा चुकलं, आणि या वेळी झपाट्याने. मी डोक्याला हात लावला. शेवटी त्यांच्यातल्या एक बाई (आधी शाळेत शिपाई होत्या) हळूच म्हणाल्या, "मॅडम, येतंय आम्हाला सगळं. पण बरोबर दिलं की नुसती हिरवी खूण येते. चुकलं की काका रडतात. आणि काय रडतात हो!"

नेमके तेव्हाच हे माझा विसरलेला चष्मा घेऊन दारात उभे. आठही जण ताडकन उठले. शिपाईबाईंनी मांडणीवरची कढई काढून यांच्या हातात दिली, "घ्या काका, तुमची कडी." गोदाम हसलं. साहेब हसले. आणि वन्सं, मीही हसले. तोंडावर हात धरून हसले असते तर निभावलं असतं. मी खुर्चीला धरून हसले. यांनी कढई खाली ठेवली, चष्मा त्या कढईत ठेवला आणि निघून गेले.

आता साहेबांचा हुकूम आहे, बरोबर उत्तरावर गिऱ्हाईक आनंदाने हसलं पाहिजे, तेही सोमवारपर्यंत. मी स्वतः हसून पाहिलं. बघून शिपाईबाई म्हणाल्या, काकाच बरे होते.

असो. मोठ्यांना नमस्कार, मुलांचे गालगुच्चे.

तुमची भावजय

ता. क. मंगळवारपासून हे तुमच्याकडे आहेत, ते मला कळलंय. तुमच्या धाकटीने फोनवर सांगून टाकलं. मी हसले ते चुकलंच. रविवारच्या गाडीत त्यांना बसवून द्या. कामासाठी म्हणत नाही. चार दिवस एकटी जेवतेय, भाजी खारट झाली तरी बोलायला कोणी नाही.

आणखी एक. तोवर त्यांना मिशी काढू देऊ नका. गिऱ्हाईक तेच दिसायला हवं.