आठ शिलिंडरची गाडी अन् वैनीचा पाय

१६ जानेवारी १९५५, रवि. इंझोरी

क्लच सटकून राह्यला. इतके दिवस वाटे आपला वहम आहे. आज पक्कं झालं. वैनीनं नाल्याच्या चढावर गाडी घातली तशी इंजिन बोंबलायले लागलं, गाडी जागची हलेना. जळका वास. उतरून चाकामागं दगड लावला.

चूक माझीच. लष्करी लिलावातल्या ट्रकाचं इंजिन दिवाळीत या जुन्या गाडीत बसवलं ते मी. आठ शिलिंडर, शंभराच्या वर घोडे. क्लच मात्र जुन्या इंजिनाचाच ठेवला. खिल्लारी बैलाले सुतळीची जुपणी. कारंजाच्या जिनात, कापसाच्या कारखान्यात, मले फिटर म्हणतात. म्हणोत बापडे.

गाडी दादाची. दादाले मागच्या पावसाळ्यापासून धड दिसत नाही. अकोल्याच्या डाक्टरनं काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येत नाही म्हणे. घरात यावर कोणी बोलत नाही. तेव्हापासून वैनी चालवते. 'तेवढ्यापुरती', असा घरात शब्द आहे. कापूस, बाळंतिणी, मानोऱ्याच्या बाजारची माणसं, सारं तिच्याच हातून जाऊन राह्यलं. चांगली चालवते. दादाहून चांगली. इथं लिहून ठेवतो, बोलायची सोय नाही.

२३ जाने. रवि.

आज अक्कल गहाण ठेवली.

जिनात पट्टा सटकला का आमी राळ टाकतो. मूठभर भुकटी टाकली का पट्टा चाकाले असा धरते का बस. मले वाटलं, क्लच म्हणजे तरी दुसरं काय? तिथंही घासण्याचंच काम. सकाळी खालचं झाकण खोलून राळ फुंकली आत. अर्धा घंटा गाडी अशी पळाली का मी मिशीले पीळ देल्ला.

मंग राळ तापली, वितळली, प्लेट चिकटून बसली. पारासमोर वैनीनं क्लच दाबला त सुटेना. ब्रेक दाबला त इंजिन ब्रेकाले जुमानेना. पारावर माणसं बसलेली. वैनीनं स्टेरिंग फिरवलं अन् गाडी किसनकाकाच्या कडब्याच्या गंजीत घातली. स्विच बंद होईस्तोवर अर्धी गाडी कडब्यात. कोणाले खरचटलं नाही, देवाची कृपा.

किसनकाका आमचे सख्खे चुलते. आले तेच ओरडत. "बाईमाणसाच्या हाती मोटर देल्ली, आता भोगा." मी म्हटलं, काका, राळ म्या टाकली, तिचा काय दोष. त म्हणे, "तू कायले तिची वकिली करतं?" चार वेळा सांगितलं. ऐकायचंच नसलं त माणसाले काय सांगावं.

वैनीनं डोक्यावरचा कडबा झटकला. मले एवढंच म्हणाली, "भाऊजी, राळ पुरे."

३० जाने. रवि.

भाऊबंद ओसरीवर जमले. विषय एकच, वैनीचं गाडी चालवणं. मानोऱ्यात लोक हसतात म्हणे. काका बोलत होते, बाकीचे माना हालवत होते. मले वाटलं दादा झटकून टाकतीन सगळ्यायले. दादा म्हणाले ते असं:

"महाशिवरात्रीच्या आधी आपल्या शिवारात शंकरपट आहे. बैलाच्या जोड्या पळाल्या का मानोऱ्याचे नारायणराव त्यायची जीप पटावर पळवणार हायेत. तिच्या बाजूले आपली गाडी पळंल. चालवणार हीच. नीट निघाली, त रामनवमीले पोहऱ्याच्या यात्रेच्या फेऱ्याही हीच करंल, मंग कोणी तोंड उघडायचं नाही. नाही निघाली, त पगारी ड्रायव्हर ठेवतो. ही पुन्हा स्टेरिंगले हात लावणार नाही."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मंग पुन्हा सुरू झाला.

दादाचा राग आला. तिले विचारलं बी नाही.

६ फेब्रु. अकोला

दुकानात दोन क्लच पाहिले. सकाळपासून दोन्ही उलटेपालटे करून राह्यलो, दुकानदार कंटाळून जेवाले गेला.

एक जुन्या मापाचा. मऊ. पायाले लोण्यासारखा, गर्दीत रांगत जायचं त याच्यासारखा नाही. पण आपल्या इंजिनापुढं टिकायचा नाही. पटावर एकदा दाबून सोडला का धूर.

दुसरा ट्रकाचा, भारी कामाचा. प्लेट जाड, स्प्रिंगा मनगटाएवढ्या. धरंल त असा धरंल का मागची चाकं जमीन खणतीन. पण धरते नाहीतर सोडते, मधलं काही नाही. अन् पायाले निस्ता दगड.

दुकानदार म्हणे, चालवतो कोण? म्हटलं, वैनी. तो हसला अन् मऊवाला पुढं सरकवला. मंग मी भारीच घेतला. त्याच्या हसण्यापायी नाही घेतला... थोडा त्याच्याहीपायी घेतला. पण हिशोबही तोच सांगते, इंजिन जसं तसा क्लच.

परत येता येता ध्यानात आलं: वैनीचं वजन ते किती.

८ फेब्रु. इंझोरी

जिनातून चार दिवसाची सुटी काढली. क्लच बसवला. पेडलवर सरकीचं पोतं ठेवून पाह्यलं, अर्ध्या पोत्याले हालेना. पाऊण भरलं तवा खाली गेलं. वैनी बाजूले उभी राहून पाहत होती. म्हणाली, "मी काय सरकीचं पोतं हाव?"

बसली. पहिल्या बारीले पेडल अर्ध्यावर गेलं अन् परत आलं. दुसऱ्या बारीले स्टेरिंग दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले, गेलं. सोडलं तशी गाडी उडाली अन् बंद. वीस बाऱ्या बंद पडली असंल. मी म्हटलं, उद्या पाहू. वैनी म्हणे, "तुमी जा, चा प्या."

मी कायचा चा पितो.

१० फेब्रु.

निघाली! बिनझटक्याची. खळ्यावरून थेट रस्त्याले लागली, पाण्यात होडी सोडावी तशी. वैनीनं काय केलं ते मले सांगता येत नाही, फिटर असून. ती म्हणते, "प्लेट टेकली का तळपायाले गुदगुली होते, तवा श्वास सोडायचा." मी बसून पाह्यलं. मले कायची गुदगुली? पोटरीत गोळा आला फक्त.

धन्य बाई आहे. माझ्या आयुष्यात इतक्या लवकर कोणाले मशीन समजलेलं पाह्यलं नाही. अन् जिनात दहा वर्सं झाली.

दादा ओसरीवर बसून आवाज ऐकत होते. "कोण चालवून राह्यलं? तू?" म्हटलं, वैनी. त्यायची मान डोलली, मी पाह्यली.

१७ फेब्रु. पट

आल्या आल्या लिहाले बसलो, अक्षर कसंही येईन.

बैलाच्या जोड्या सुंदर पळाल्या, पण माझं लक्ष कोठी त्याच्यात. दुपार कलल्यावर जीप अन् आपली गाडी बाजूबाजूले लागल्या. नारायणराव मोठ्या मनाचा माणूस, वैनीले रामराम केला, म्हणे, "वैनीसाहेब, सांभाळून." दुसरं कोणी असतं त दात काढले असते.

झेंडी पडली. जीप आधी निघाली पण ढेकळात चाकं जाग्यावर फिरली. वैनी क्षणभर मागं. मी म्हटलं गेलं, बंद पडली. नाही पडली. तिनं श्वास सोडला असंल तवा. गाडी अशी उचलली का मागचे लोक धुळीनं पांढरे झाले. अर्ध्या पटावर जीप धरली अन् शेवटाले पुरी गाडीभर पुढं. मी नाचलो. होय, नाचलो.

नारायणराव उतरून आले, दोन्ही हात जोडले. काका मात्र काका. म्हणे, "ट्रकाचा क्लच हाय त्यात. कोणीही बसला असता त पळाली असती." माझं डोकं फिरलं. म्हटलं, मंग बसाच. भर लोकांत बसले. दाबलं, सोडलं, गाडी बेडकासारखी उडाली अन् बंद. पुन्हा. पुन्हा. अख्खा पट हसला. वैनी हसली नाही. पदर नीट करून म्हणाली, "काकाजी, टोपी पडली तुमची."

दादाचा शब्द राह्यला. यात्रा वैनीचीच.

६ मार्च, रवि.

जिनातून आलो त वैनी लंगडून राह्यली. डाव्या गुडघ्याले रुईचं पान बांधलं होतं, लुगड्याखाली लपवलं होतं. विचारलं त म्हणे, "उंबरठा लागला." उंबरठा! आमच्या घराले उंबरठा गुडघ्याएवढा नाही.

मले उमगलं. पटावर एक बारी दाबायचं होतं. रोजच्या रस्त्यावर दिवसाकाठी शंभर बाऱ्या दाबा लागते. पोहऱ्याच्या यात्रेत त विचारूच नका, माणूस पुढं, बैलगाडी पुढं, दोन हात चाला अन् थांबा.

२० मार्च, रवि.

म्हटलं, वैनी, अकोल्याहून मऊवाला आणतो. यात्रेपुरता. चढावर हळू घ्या, निभते.

"नको."

"काहून?"

"मऊ बसवला का गाडी सटकंल. सटकली का म्हणतीन बाई मऊ पडली. राहू द्या भारी."

म्हटलं, एकाआड एक स्प्रिंग काढतो, अर्धा हलका होईन. हेही नको. म्हणे, "मले त्याची सवय झाली, भाऊजी. आता गाडी माझं ऐकते." हे म्हणताना जी ऐट होती चेहऱ्यावर, ती पाहून म्या पाना पेटीत टाकला. गुडघा सुजलेला अन् ऐट ही अशी.

यात्रा तोंडावर आली. पोहऱ्याले जायच्या बाया आतापासूनच जागा सांगून ठेवतात. 'पटवाल्या वैनीच्या मोटरीत बसाचं', असं म्हणतात.

२७ मार्च, रवि.

यात्रेसाठी गाडी धुवाले घेतली. पुढचं शीट पुसत होतो. हात थांबला.

पाठीचं रेग्झीन नवंच्या नवं. पुढची कड मात्र घासून फाटलेली, आतला काथ्या दिसत होता. दहा महिने ही बाई शीटच्या कडेवर बसून गाडी चालवून राह्यली. पाठीले टेकाच नाही. पाय ताणून, स्टेरिंगले लोंबकळून तो दगड दाबते. पाठीले आधार असता त गुडघ्यावर अर्धाही जोर आला नसता. मी प्लेट पाह्यली, स्प्रिंगा पाह्यल्या, पोतं ठेवून वजन पाह्यलं. बसायची जागा नाही पाह्यली.

शीट दादाच्या मापानं ठोकलेलं. दादा सहा फुटाचा गडी.

वैनीले बोलावलं. म्हटलं, इतके दिवस काहून सांगितलं नाही? चार बोटं पुढं घेतलं असतं, दोन नवी भोकं पाडली का झालं. ती फाटलेल्या कडेवरून हात फिरवत राह्यली.

"ह्यायची जागा हाय ती," ओसरीकडं पाहत म्हणाली. "मी तेवढ्यापुरती बसते. उद्या हे बसले त ह्यायले अडचण नको."

डाक्टरनं काय सांगितलं ते तिलेही माहीत, मलेही माहीत. पाना हाती होता, पण नट फिरवाले हात होईना. दादाले न विचारता त्यायची जागा हालवाची, हे आमच्या घरात झालं नाही कधी.

म्हणून विचाराले गेलो. दादा ओसरीवर होते. सगळं सांगितलं, गुडघाही सांगितला.

दादा म्हणे, "किती घेतं पुढं?"

"चार बोटं."

"मंग माझे गुडघे मावाचे नाहीत त्यात."

म्हटलं, "नाही मावाचे."

"हाक मारली का ये," म्हणून दादा उठले. भिंत धरून अंगणात गेले, हातानं गाडी चाचपली, दार शोधलं, आत बसले. दार लावून घेतलं. वैनी सैपाकघराच्या दारात उभी आहे. मी ओसरीवर बसून हे लिहून राह्यलो. दादाचे हात स्टेरिंगवर हायेत, एवढं दिसते. पाना माझ्यापाशीच आहे. अजून हाक आली नाही.