आधी साबण, मग प्रार्थना

बाबा, उद्या मंडळीत तुमच्या आठवणीची उपासना आहे आणि बोलायला मलाच उभं करणार आहेत. तुम्ही हात ठेवलात आणि बरे झाले, अशा माणसांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांना माझ्या तोंडून ऐकायच्या आहेत. तशी माणसं होती, मी नाकारत नाही. पण मला बोलायचं आहे ते जो बरा झाला नाही त्याच्याबद्दल. तुम्ही होतात तोवर आपल्या घरात त्याचं नाव निघालं नाही.

कापसाची ती वाईट वर्षं. पांढरकवड्याच्या आसपास पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, अळी हटत नव्हती आणि मिळतील ती औषधं एकत्र कालवून लोक फवारत सुटले होते. जो बरा झाला नाही तो आपल्या मंडळीतलाच, दुसऱ्याच्या शेतात रोजीनं फवारणीचा पंप मारायचा. रविवार पाळायची चैन रोजीवाल्याला कुठली! त्या रविवारी उपासना नुकतीच संपली आहे, मी मागच्या स्वयंपाकघरात चहा गाळते आहे, आणि चर्चमधून त्याच्या बायकोचा आवाज येतो, "पाळकसाहेब, पाहा न, याले काय होऊन राह्यलं!" शेतातून सरळ तुमच्याकडे आणला होता. तोंडातून लाळ गळत होती, अंग थरथरत होतं, शर्ट औषधानं ओलाचिंब. आवारात जीप उभी होती. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. म्हटलं, "बाबा, औषध कातडीतून अंगात भिनून राह्यलं, पहिले त्याचे कपडे काढा, धुवा त्याले, अन् दवाखान्यात न्या."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते अजून डोळ्यांपुढे आहे. "वेदीपुढं, बायामाणसाईसमोर उघडा करू त्याले? अन् तुह्या विश्वासाले काय झालं व?" सगळ्यांसमोर. मी गप्प बसले. तो थरथरतो म्हणून तुम्ही त्याला चर्चमधली सतरंजी गुंडाळलीत, त्या ओल्या शर्टावरूनच. कपाळाला तेल लावलंत, डोक्यावर हात ठेवलात, सगळे गुडघ्यांवर आले. ऊन कलेपर्यंत तुम्ही प्रार्थना केलीत, आणि मनापासून केलीत, तुमच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग यवतमाळच्या रस्त्यावर, जीपमध्ये, तो गेला. माझा त्या दिवशी जो संताप झाला तो अजून पुरता उतरलेला नाही.

त्यानंतर तुम्ही संदेश दिलेत, लग्नं लावलीत, बाप्तिस्मे दिलेत, पण आजाऱ्याच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला नाहीत. कोणी आग्रह केला की म्हणायचात, "आता माह्यात तेवढं बळ नाही." लोकांना वाटलं, वय झालं. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं, चुकलं म्हणून. जेवायला बसलात की ताटावर डोळे मिटायचात ते उघडायचाच नाहीत, भाजी गार होऊन जायची. मी ठरवायचे की आज विचारायचंच, आणि नुसतीच पोळी वाढायचे. तुम्ही तसेच गेलात.

लहानपणी तुम्ही सांगायचात, "देवानं तुले कायले जन्माले घातलं, थे एक दिवस तुले आपोआप समजन." मी वाट बघितली. शिबिरांत बघितली, उपास करून बघितली. आणि ते समजलं कुठं, तर सरकारी दवाखान्यात, गावाहून तशाच आणलेल्या एका फवारणीवाल्याचा शर्ट कात्रीनं कापताना. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. एवढंच कळलं, की हे मी मरेपर्यंत करू शकते. पुढं नर्सिंगसोबत पाळकाचं शिक्षणही घेतलं, आणि आज मंडळी माझ्या हाती आहे. बाई पाळक नको म्हणणारे मागच्या बाकावर तोंड वाकडं करून बसतात, तरी येतात. चर्चमागं पाण्याची टाकी आहे, साबण आहे, धुतलेले जुने कपडे आहेत. माणूस कोणत्याही धर्माचा असो, आधी उघडा करून धुवायचा, मग गाडीत घालायचा, आणि प्रार्थना गाडीत. गावात मला 'साबणवाली पास्टरीण' म्हणतात. म्हणोत बापडे. काही वाचतात. काही धुऊनपुसून स्वच्छ झालेले, तरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून जातात.

काल मी त्याच्या बायकोकडे गेले. तिच्या नवऱ्याचं मरण तिला न विचारता कसं सांगणार? ती कुणाच्या तरी शेतात वेचणीला होती. मी सगळं बोलले, तो शर्ट, ती सतरंजी, वाया गेलेला वेळ. तिचे हात थांबले नाहीत, कमरेच्या फडक्यात कापूस पडत राहिला.

"मले का माहीत नाही?" ती म्हणाली. "तू म्हणलं थे आयकलं होतं मी. मलेही वाटलं, न्यावं. पण सारे गुडघ्यावर, तुह्या बाबाचे डोळे मिटलेले. म्या तोंड उघडलं असतं अन् तो मेला असता, त साऱ्याईनं म्हणलं असतं, इच्याच अविश्वासानं मेला."

इतकी वर्षं ती पुढच्या बाकावर बसून तुमचे संदेश ऐकत होती.

"सांग उद्या," ती म्हणाली. "साऱ्याईले सांग. एखाद्या पोरीचं तरी तोंड उघडन."

तेव्हा सांगणार आहे, बाबा. बापाच्या नावाला बट्टा लावला म्हणून काही जण उठून जातील, जाऊ देत. माझं तुमच्यावर प्रेम आहे हे आधी सांगावं की शेवटी, तेवढं अजून ठरत नाही. आणि हे पत्र काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथंच लिहून ठेवते, ती उद्या कुणाला सांगणार नाही. काल शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं तिच्याकडे चालत जाताना मी सारखी प्रार्थना करत होते, की तिनं 'नको सांगू' म्हणावं.