कुसुम शेजारी येते

३ डिसें., बुध.
आजही स्वप्नाचं पान कोरं. गजर पाचचा. पहाटेच्या झोपेत स्वप्नं जास्त पडतात, आणि जाग येताच हललं की पुसली जातात. विज्ञानाचा मास्तर होतो, एवढं माहीत आहे. हललो नाही. पंख्याकडे बघत पडून राहिलो. स्वप्न सगळ्यांनाच पडतं, मलाही पडलं असणार. कुसुमला जाऊन चौदा महिने झाले. एकदा तरी यायला काय हरकत होती तिला?

५ डिसें., शुक्र.
शेजारच्या वच्छलावहिनी सकाळी कढी घेऊन आल्या. "सर, कुसुमताई सपनात आलती." ही तिसरी वेळ. दिग्रसच्या स्टँडवर उभी होती, मग तिथेच म्हणे वहिनींची चूल, आणि कु. अनवाणी. माझ्यावर तणतणत होती, दळण आणलं नाही म्हणून. "तिले चपला पाह्यजे सर. एखाद्या बाईले देऊन टाका."
मी सुरू झालो. झोपेत मेंदू आठवणी चाळतो, जुनं-नवं मिसळतं, मेलेलं माणूस काही मागत नसतं. आमच्या दारातल्या तिच्या चपला तुम्ही रोज बघता, म्हणून दिसलं. अर्धा तास बोललो. वहिनींनी ऐकून घेतलं. जाताना, "तुमच्या सपनात काय म्हनते?"
वाटी धुवून दिली.

१२ डिसें., शुक्र.
वहिनी अंगणातून जाताना "जेवले का सर" विचारतात, तेवढंच. स्वप्नाचं नाव काढत नाहीत. कु. तिकडे येऊन गेली असेल, काही बोलली असेल, आणि मला पत्ता नाही. जळतो आहे मी, सरळ लिहितो. चौतीस वर्षं संसार माझ्याशी केला आणि जाते शेजारी.

१६ डिसें., मंगळ.
वाचनालयातून पुस्तक आणलं. स्वप्नं का पडतात याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही. कुणी म्हणतं आठवणी मुरवायला, कुणी म्हणतं दुःखाची धार कमी करायला. अर्थ असेलच असंही नाही. वहिनींना मात्र मी सगळं ठाऊक असल्यासारखं…

२१ डिसें., रवि.
बाजारात बायकांच्या चपला घेतल्या. सहा नंबर. मेथीवाल्या बाईला दिल्या. "कायले जी?" म्हणाली. असंच, म्हटलं. कुणी ओळखीचं भेटलं नाही, बरं झालं.

२२ डिसें., सोम.
कोरं.

२४ डिसें., बुध.
शेवटी गेलो. वहिनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कु. अजून येते का, विचारलं.
"तुमी तं म्हनलं, मेंदूचा खेळ हाय."
चुकलं माझं, म्हणालो. चपला दिल्याचंही सांगितलं. त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाल्या, "परवाच आलती." हिरवं लुगडं नेसून आली, पाटावर बसली, चहा घेतला. "म्हने, त्यायनं माह्यासाठी बहुत केलं. मी सुखात हाय. त्यायले म्हना, टायमावर जेवत जा." मग उठून गेली.
सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी. स्वप्न असं नसतं. आणि कु. माझ्याबद्दल इतकं गोड बोललेली मला आठवत नाही. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या.
मी पायरीवर बसलो. म्हटलं, "अजून काय म्हणाली?"